राहिलेले १३३ फूट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरून लिहून दिले आहे.)



सचिव मला म्हणाले, "काका, अमेरिकेच्या प्रवासावर अर्धा तास बोला, सोबत फोटोही दाखवा." फोटो मी मुद्दाम आणलेले नाहीत. फोटो दाखवायला लागलं की माणूस फक्त चांगलं तेवढंच दाखवतो. मला आज माझी एक चूकही सांगायची आहे, आणि शेवटी आपणा सर्वांना एक विनंती करायची आहे. त्यामुळे चहा आला तरी उठू नका.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, मी ३६ वर्षं बँकेत काढली. क्लार्क म्हणून लागलो, ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. बँकेच्या माणसाचा प्रवास कसा असतो ते आमच्या सौ.ला विचारा. एलटीसी मिळाली की चार वर्षांचं उट्टं आठ दिवसांत काढायचं. महाबळेश्वरला गेलो तर सकाळी सात ते संध्याकाळी सात, बारा पॉइंट. आर्थर सीटला पोचलो की मी घड्याळ बघायचो आणि म्हणायचो, "चला, पंधरा मिनिटं झाली." सौ. म्हणायची, "अहो, दरी अजून नीट दिसली पण नाही."

आमची लेक डेन्व्हरला असते, कोलोरॅडो राज्यात. तिथून उत्तरेला रॉकी पर्वतातून गाडीने यलोस्टोनपर्यंत जायचं, हा तिचा बेत. जावईबापूंना रजा नव्हती. म्हणून गाडीत आम्ही चौघं: चालवायला लेक, तिच्या शेजारी नकाशा घेऊन मी, आणि मागे सौ. आणि नऊ वर्षांचा नातू. ही गोष्ट जून २०२३ ची.

वेळापत्रक अर्थातच मी केलं होतं. एक्सेलमध्ये. सात दिवस, तीन राष्ट्रीय उद्यानं, दोन हजार किलोमीटरच्या वर. त्यात 'ओल्ड फेथफुल – ४५ मिनिटे' अशीसुद्धा नोंद होती. लेकीने तो कागद पाहिला आणि एवढंच म्हणाली, "बाबा, हे ब्रँच इन्स्पेक्शन आहे की सुट्टी?"

पहिला मुक्काम एस्टेस पार्क या गावी. हे रॉकी माउंटन नॅशनल पार्कचं दार. १९१५ साली स्थापन झालेलं उद्यान. तिथे उन्हाळ्यात कधीही उठून आत जाता येत नाही, आधी वेळ राखून ठेवावी लागते. वर्षभराचा सगळ्या उद्यानांचा पास तेव्हा, २०२३ मध्ये, ८० डॉलरचा होता, एका गाडीतली सगळी माणसं त्यात आली. मी खिडकीवरच्या बाईंना विचारलं, ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे का? त्या हसून म्हणाल्या, आहे, पण ती इथल्या नागरिकांना आणि कायम राहणाऱ्यांना. विचारायला काय जातं? आपण रेल्वेत विचारतोच की.

तिथे नातवाला एक पुस्तिका मिळाली. 'ज्युनिअर रेंजर' म्हणून मुलांसाठी योजना आहे. पुस्तिकेत कामं दिलेली असतात: अमुक प्राणी पाहा, तमुक झाड ओळखा, दहा मिनिटं गप्प बसून आवाज ऐका. ती पुरी केली की वनरक्षक तपासतात, मुलाकडून शपथ घेतात आणि बिल्ला देतात. नातवाची एक-दोन कामं राहिली होती. मी म्हटलं, "अरे, टिक करून टाक, कोण बघतंय?" तो म्हणाला, "आजोबा, मी ते केलंच नाही. मग ते खोटं होईल ना?" मी हसून विषय बदलला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रेल रिज रोडने वर निघालो. हा रस्ता १९३२ साली वाहतुकीला खुला झाला. अमेरिकेत सलग जाणारा, डांबरी रस्त्यांमधला हा सर्वांत उंच. त्याचा माथा १२,१८३ फुटांवर आहे. हिवाळ्यात बर्फाने बंद, साधारण मे अखेरीला उघडतो. वर चढताना आधी उंच पाइनची झाडं, मग ती बुटकी होत जातात, आणि ११,४०० फुटांच्या आसपास झाडं संपतातच. पुढे नुसती गवताची, दगडांची आणि बोटभर उंचीच्या फुलांची जमीन. तिला टुंड्रा म्हणतात. जूनमध्येही रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग होते. तिथे वाट सोडून चालू नका म्हणून जागोजागी पाट्या आहेत, कारण पायाखाली चिरडलेलं ते इवलंसं झाड परत उभं राहायला कित्येक वर्षं लागतात.

रॉक कट नावाच्या जागी गाडी लावली. उंची १२,०५० फूट. तिथून अर्धा मैल चढाची पायवाट आहे. वेळापत्रकात ती होती, त्यामुळे मी निघालो. शंभरेक पावलं गेलो असेन. डोकं जड, श्वास पुरेना, छातीवर कोणी पिशवी ठेवल्यासारखं वाटायला लागलं. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की एका श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. आणि आम्ही कुठले? ठाण्याचे. खाडीकाठचे. डेन्व्हरलाच ५,२८० फूट, तिथे जेमतेम चार दिवस काढलेले.

मंडळी, २०१९ साली माझी अँजिओप्लास्टी झाली आहे. एक स्टेंट आहे. हे घरात सगळ्यांना माहीत. तरी मी त्या वेळी काही बोललो नाही. खडकावर टेकलो आणि बुटाची नाडी बांधतोय असं दाखवलं. एक नाही, दोनदा बांधली. सौ. खाली उभी होती. तिने वरून मला पाहिलं नाही, खालून पाहिलं, आणि लेकीला म्हणाली, "तुझे बाबा दहा मिनिटं झाली, एकही माहिती सांगत नाहीयेत. काहीतरी बिनसलंय."

बायको ती बायको. ईसीजी नंतर येतो.

लेकीने गाडी वळवली. माथा १३३ फूट वर राहिला. खाली एस्टेस पार्कच्या रुग्णालयात प्राणवायू लावला, ईसीजी काढला, रक्त तपासलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाल्या, हृदयाला धक्का नाही, उंचीचा त्रास आहे, खाली उतरा आणि दोन-तीन दिवस विश्रांती घ्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पण माझा नाही. कारण बाहेरच्या खुर्चीवर लेक माझ्या प्रवास विम्याचे कागद घेऊन बसली होती. ती आत आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, इथे हृदयविकार आहे का या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलंय. हे चुकून झालंय ना?"

चुकून झालेलं नव्हतं. फॉर्म मीच भरला होता. 'होय' लिहिलं असतं तर हप्ता बराच वाढला असता, वैद्यकीय कागद मागवले असते. मी म्हटलं, पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे, काय होतंय! आणि 'नाही' वर खूण केली. ज्या माणसाने ३६ वर्षं काउंटरवर लोकांना सांगितलं की सही करण्याआधी वाचा, खरं तेच लिहा, खोट्या डिक्लरेशनवर कर्ज मिळालं तरी ते पचत नाही, त्या माणसाने स्वतःच्या फॉर्मवर खोटं लिहिलं. आणि वर खडकावर बसून गप्प का राहिलो, तर तेच कारण. डोक्यात छातीचा विचार नव्हता, बिलाचा होता. दवाखान्यात जावं लागलं तर हे उघडं पडणार, आणि खर्च लेकीच्या अंगावर येणार.

मी तिला खरं सांगितलं. ती काही बोलली नाही. नातू खुर्चीवर पुस्तिका घेऊन बसला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तोही काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

बिल आम्हीच भरलं. विम्याचा दावा मी केला नाही. खोट्या कागदावर दावा करणं म्हणजे एका चुकीवर दुसरी. पण त्याआधी बरंच काही भरायचं होतं, जे पैशात मोजता येत नाही.

रात्रीच आम्ही खाली फोर्ट कॉलिन्सला उतरलो. पाच हजार फूट. तिथे तीन दिवस काढले. ठाण्यातल्या आपल्या हृदयरोग तज्ज्ञांना रिपोर्ट पाठवले, व्हिडिओवर बोलणं झालं. ते म्हणाले, परत फिरायचं कारण नाही, पण नऊ हजारांच्या वर मुक्काम नको, चढ चढायचा नाही, पाणी भरपूर, आणि रोज थोडंच अंतर. थोडक्यात, माझं एक्सेल रद्द. लेकीने रात्री बसून राहण्याच्या जागा बदलल्या, काही आगाऊ रक्कम बुडाली. सकाळचे दोन-तीन तास ती लॅपटॉपवर ऑफिसचं काम करी, मग निघायचं. सात दिवसांचा प्रवास सोळा दिवसांचा झाला. आता हे सगळं सावकाश झालं ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे, हे आधीच कबूल करतो.

पुढचा भाग वायोमिंग राज्याचा. क्षेत्रफळ अडीच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून थोडं कमी. आणि लोकसंख्या? सहा लाखांच्या आत! एकट्या ठाणे शहरात २०११ च्या जनगणनेत १८ लाखांवर माणसं होती. लॅरमी, रॉलिन्स, लँडर अशी गावं मागे टाकत आम्ही जात होतो. तासन् तास माणूस नाही, घर नाही. पिवळट गवत, वारा, आणि दूरवर हरणासारखे प्राँगहॉर्न. गाडीतही शांतता. लेक माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. "पाणी प्यायलात?" "गोळी घेतलीत?" बस.

मुक्कामाला आम्ही छोटं स्वयंपाकघर असलेली खोली बघायचो. सौ.ने इलेक्ट्रिक कुकर आणि थालीपिठाची भाजणी सोबत घेतलेली. लँडरला संध्याकाळी मुगाची खिचडी झाली, वर मेतकूट. खिडकीतून विंड रिव्हर पर्वतावरचं बर्फ दिसत होतं. सौ. म्हणाली, "एलटीसीच्या एवढ्या सहली झाल्या, पण खिचडी खाताना डोंगर आज पहिल्यांदा बघतेय."

मग आलं ग्रँड टीटन. डोंगर कसा असावा ते इथे बघावं. आपल्या सह्याद्रीला आधी टेकड्या, मग सोंडा, मग कडा. इथे पायथ्याच्या टेकड्याच नाहीत. सपाट खोऱ्यातून एकदम सात हजार फूट भिंत उभी. याचं कारण जमिनीतली भेग: एक बाजू वर उचलली जाते, दुसरी खचते. मुख्य शिखर १३,७७५ फूट. आम्ही जेनी लेकच्या काठावर बाकावर बसून राहिलो. एक पूर्ण सकाळ.

बँकेच्या माणसाला आवडेल अशी एक हकिगत तिथे कळली. हे उद्यान १९२९ मध्ये झालं, पण तेव्हा त्यात डोंगरच होते, खोरं नव्हतं. खोऱ्यातली जमीन जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांनी एका कंपनीच्या नावाने विकत घ्यायला सुरुवात केली. घेणारा कोण हे कळलं तर भाव वाढतील, म्हणून नाव गुप्त. पुढे ते उघड झालं आणि स्थानिक लोक चांगलेच भडकले. वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी ती ३० हजारांवर एकर जमीन त्यांनी देशाला दिली आणि १९५० मध्ये उद्यान आजच्या आकाराचं झालं. हेतू चांगला होता, तरी लपवल्यामुळे विश्वास गेला, आणि तो परत मिळवायला कित्येक वर्षं लागली. ही माहिती मी गाडीत मोठ्याने वाचून दाखवत होतो आणि मध्येच थांबलो. लेकीने आरशातून सौ.कडे पाहिलं. दोघी हसल्या. तो गेल्या पाच दिवसांतला पहिला हसण्याचा आवाज.

आता यलोस्टोन. १ मार्च १८७२ रोजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी कायद्यावर सही केली आणि जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. त्याआधी हजारो वर्षं तिथे मूळ रहिवाशांचं येणंजाणं आणि राहणं होतं, हेही सांगायला हवं. आकार सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर. पालघर वेगळा होण्याआधीचा आपला जुना ठाणे जिल्हा आठवा, जवळजवळ तेवढं. आतला रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, १४२ मैलांचा. वेगाची मर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर. त्यातही पुढे रानगवे आले की शून्य.

हेडन व्हॅलीत आम्ही पन्नास मिनिटं उभे होतो. बायसनचा कळप रस्ता ओलांडत होता. एकेक नर नऊशे किलोपर्यंतचा. सोबत तांबूस रंगाची पिल्लं. पुढेमागे शे-दीडशे गाड्या असतील, पण एकानेही हॉर्न वाजवला नाही. घोडबंदर रोडची आठवण येऊन मला भरून आलं! बायसनपासून २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड दूर राहायचं, असा नियम आहे. खायला घालणं तर गुन्हाच. सौ.ने एका खारीसारख्या प्राण्यापुढे चिवड्याचे दोन दाणे टाकायला हात काढला, तर नातू ओरडला, "आजी, नाही! मी शपथ घेतलीय!" चिवडा परत डब्यात.

यलोस्टोनच्या पोटात ज्वालामुखी आहे. त्या उष्णतेमुळे दहा हजारांवर गरम झरे, चिखलाच्या उकळ्या आणि कारंजी तिथे आहेत. जगातली निम्म्याहून जास्त गरम कारंजी या एका उद्यानात. ग्रँड प्रिझमॅटिक म्हणून एक प्रचंड झरा आहे. मध्ये गडद निळा, कडेला हिरवा, पिवळा, नारिंगी. हे रंग गरम पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे. आणि इथे एक गंमत ऐका. १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञांना इथल्याच गरम झऱ्यांत एक जिवाणू सापडला. त्यातलं विकर उष्णतेने बिघडत नाही. पुढे पीसीआर चाचणीला तेच उपयोगी पडलं. कोविडमध्ये आपल्या गेटवर तंबू टाकून सगळ्यांच्या नाकात काडी घातली होती, आठवतं? त्या आरटीपीसीआरचं मूळ या झऱ्यांशी जाऊन पोचतं. त्या जिवाणूचा तेव्हा कोणाला काय उपयोग वाटला असेल? पण जंगल राखलं होतं, म्हणून तो तिथे होता.

रस्त्याने एकसारख्या उंचीची पाइनची झाडं दिसतात. १९८८ मध्ये मोठे वणवे लागले, उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या तडाख्यात आला. पण लॉजपोल पाइनच्या काही बोंडांवर राळेचा असा थर असतो की ती उष्णतेशिवाय उघडत नाहीत. आग आली, बोंडं उघडली, बी पडलं. ही झाडं त्यानंतरची, म्हणजे आमच्या लेकीपेक्षा लहान.

आणि ओल्ड फेथफुल. माझ्या कागदावर ४५ मिनिटं लिहिलेलं ठिकाण. हे कारंजं साधारण दीड तासाने उसळतं. पुढची वेळ फळ्यावर लिहिलेली असते, दहा मिनिटं इकडेतिकडे. आम्ही पोचलो तेव्हा नुकतंच उडून गेलं होतं. म्हणजे दीड तास बसणं आलं. नातू आजीबरोबर आईस्क्रीमला गेला. बाकावर मी आणि लेक.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाबा, मला पैशांचा राग नाही आला. फॉर्मचाही नाही. तुम्ही वर खडकावर बसलात आणि मला हाक मारली नाहीत, त्याचा आला. मी वीस पावलांवर होते."

मी म्हटलं, "तुला खर्चात टाकायचं नव्हतं."

"मग मी इथे एवढ्या लांब राहते, तुम्ही तिकडे दोघंच. फोनवर 'सगळं ठीक' म्हणता. ते तरी खरं असतं का, असं आता रोज वाटणार मला."

मंडळी, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण दोन-तीन वेळा ते खरं नव्हतं. मार्चमध्ये मला चक्कर आली होती, ते मी तिला सांगितलं नव्हतं. तिथे बसून सांगितलं. सौ.च्या गुडघ्याचं सांगितलं. बँक खात्यांची यादी कुठे ठेवली आहे, नॉमिनी कोण, इच्छापत्र केलं आहे की नाही, सगळं सांगितलं. तिने मोबाईलवर लिहून घेतलं. पाऊण तास गेला असेल. मग आजूबाजूचे लोक उठून उभे राहिले, आणि समोर पाणी वाफेसकट शंभर-दीडशे फूट वर गेलं. दोन-तीन मिनिटांचा खेळ. खरं सांगतो, ते कारंजं छानच आहे, पण मला आठवतो तो आधीचा दीड तास.

तिथून जवळच क्रेग पास नावाच्या खिंडीत आयसा लेक म्हणून एक छोटंसं तळं आहे, कमळाच्या पानांनी भरलेलं. त्याचं पाणी दोन्ही बाजूंना वाहतं, एका बाजूचं शेवटी पॅसिफिकला आणि दुसऱ्या बाजूचं अटलांटिकच्या बाजूला जातं. आपल्याकडे सह्याद्री हेच करतो. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी, अरबी समुद्र इतका जवळ असून, बंगालच्या उपसागराला जाते. मी हे सांगत असताना सौ. म्हणाली, "जाऊ दे की कुठेही. फोन खरा करत जा म्हणजे झालं." तिला सगळं कळलं होतं.

परतीला आम्ही पूर्वेच्या दाराने कोडीमार्गे थर्मोपोलिसला उतरलो. हे गाव गरम पाण्याच्या कुंडांचं. अगदी आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीसारखं. १८९६ साली शोशोनी आणि अरापाहो लोकांकडून ही जागा सरकारकडे आली, तेव्हा शोशोनींचे प्रमुख वॉशाकी यांचा आग्रह होता की हे पाणी सर्वांना मोफत मिळावं. आजही तिथलं सरकारी स्नानगृह फुकट आहे. पाणी ४० अंश, आणि वीसच मिनिटं बसायचं. सौ. गुडघे घेऊन उतरली आणि वीस मिनिटांनी तरुण होऊन बाहेर आली. दारावर पाटी होती, हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मी ती पाटी वाचली आणि बाहेर बाकावर बसलो. नातवाने विचारलं, "आजोबा, तुम्ही नाही जाणार?" म्हटलं, "नाही रे. पाटीवर माझं नाव आहे." तो हसला आणि शेजारी येऊन बसला. म्हटलं, चला, एक काम पुरं झालं, आता बिल्ला मिळायला हरकत नाही.

तिथून जवळच विंड रिव्हर नदीचं नाव बदलतं. नदी तीच, पाणी तेच, पण एका जागेपासून पुढे तिला बिगहॉर्न म्हणतात. त्या जागेला 'पाण्याचं लग्न' अशा अर्थाचं नाव आहे. लेक म्हणाली, "बघ आई, इथेही लग्नानंतर नाव बदलतात." सौ. म्हणाली, "नाव बदललं तरी पाणी माहेरचंच असतं."

तर असा हा प्रवास. पाहिलं कमी आणि आठवतं जास्त. माझ्या वयाच्या मंडळींना चार गोष्टी अनुभवाने सांगतो. मुलांकडे परदेशी जाताना विम्याच्या फॉर्मवर आजार खरे लिहा, हप्ता वाढला तर वाढू द्या. डोंगराळ भागात जायचं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. एकदम वर चढू नका, मध्ये मुक्काम करा. आणि काही होत असेल तर बुटाची नाडी बांधत बसू नका, हाक मारा.

आता विनंती. आपल्या समितीने गेल्या महिन्यात प्रत्येक घरी एक फॉर्म दिला आहे. घरातल्या ज्येष्ठांची नावं, रक्तगट, आजार, चालू औषधं, डॉक्टरांचा नंबर, आणि रात्री-अपरात्री कोणाला कळवायचं त्यांचा नंबर. सचिवांकडून मला कळलं की निम्मे फॉर्म परत आलेले नाहीत, आणि आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहिलं आहे. मंडळी, पंचवीस वर्षं आपण एकमेकांना ओळखतो. तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत कोण जिना चढताना कुठे थांबतो ते सगळ्यांना दिसतं. मग हे 'नाही' कोणासाठी? आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं पुण्याला, बंगलोरला, परदेशात आहेत. रात्री दोन वाजता दारात पहिला पोचणार तो शेजारी. त्याच्या हातात निदान खरा कागद असू द्या.

माझा फॉर्मही मागच्या आठवड्यापर्यंत टेबलावर पडून होता. लेकीने फोनवर विचारलं, तेव्हा भरला. आजाराच्या रकान्यात जागा पुरली नाही, मागच्या बाजूला लिहिलं. तो आज मी सर्वांसमोर सचिवांकडे देतो आहे.

ते १३३ फूट राहिले ते राहिलेच. आता परत गेलो तरी तिथे चढणार नाही. पण येऊरचा डोंगर आपल्या गच्चीवरून रोज दिसतो, तोही राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे. पावसाळा संपला की एका रविवारी सकाळी, सगळ्या ज्येष्ठांनी मिळून, अगदी सावकाश, पायथ्यापर्यंत फिरून येऊ. वेळापत्रक मी करणार नाही.

चहा आलेला दिसतोय.